काटा ७९२ वर

दुरुस्त केलेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मी काटा ७९२ वर न्यायचो. पुणं स्वच्छ बोललं की सेट चांगला. बोलताना मागं शीळ वाजली, नाहीतर आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटला, की झाकण पुन्हा उघडायचं. लोणावळ्याच्या बाजारात चौतीस वर्षं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि माझ्या हातून बरा झालेला प्रत्येक रेडिओ पहिल्यांदा पुण्याच्याच आवाजात बोलला. ७९२ किलोहर्ट्झ, मिडियम वेव्ह, आकाशवाणी पुणे. सेटचं माप धरायला बाजारात महागडी यंत्रं मिळायची, पण मला ती कधी घ्यावी लागली नाहीत. पुणं केंद्र जागचं हलत नव्हतं, तेच माझं माप.

घर भुशीला. भुशी म्हटलं की आता लोकांना धरणाच्या पायऱ्या आणि शनिवार-रविवारची गर्दी आठवते. ते धरण जीआयपी रेल्वेनं आपल्या वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं. आमच्या भोवतीचं बाकीचं पाणीही असंच कामाला लागलेलं. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता इथं तलाव बांधले, ते पाणी नळांतून घाटाखाली सोडलं आणि १९१५ पासून खोपोलीला त्याची वीज होऊन ती मुंबईला जाऊ लागली. आमच्या पाण्यावर मुंबई उजळली तेव्हा आमच्या घरांत रॉकेलच्या चिमण्या होत्या, आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच राहिल्या. म्हणून आमच्याकडचे पहिले रेडिओ बॅटरीवरचे. व्हॉल्वचा सेट आणि त्याला ९० व्होल्टचा सुक्या बॅटरीचा जाडजूड ठोकळा. ठोकळा उतरत आला की आवाज बारीक होत जाई. मग घरातली म्हातारी माणसं सेटला कान लावून बसायची आणि पोरांना दम द्यायची, श्वास हळू घ्या रे.

रेल्वेनं मुंबई आमच्यापासून १२८ किलोमीटर आणि पुणं ६४. रेडिओ मात्र आधी आला तो मुंबईत. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, प्रक्षेपक दीड किलोवॉटचा. एवढ्याशा ताकदीचा आवाज बोरघाट चढून येण्याची आशा नव्हती. कंपनीही तीन वर्षांत बुडाली, सरकारनं कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. देश स्वतंत्र झाला तेव्हा हिंदुस्थानच्या वाट्याला अवघी सहा केंद्रं आली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. मराठी मुलखातलं त्यातलं एकच, आणि त्याला मराठीखेरीज गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळ्यांनाच जागा द्यायची होती. १९४८ मध्ये नागपूर सुरू झालं. २ ऑक्टोबर १९५३ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, पुणे केंद्र सुरू झालं.

माझा जन्म १९४८ चा, म्हणजे केंद्र माझ्याहून पाच वर्षांनी लहान. वडील लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये खलाशी. शेडवरून घरी येताना ते बाजारातल्या एका हॉटेलाशी थांबायचे, कारण तिथं रेडिओ होता. चहा घेतला तर आत बसून ऐकायचं, नाहीतर बाहेर उभं राहून. वडील बहुतेक बाहेर उभे राहत.

१ एप्रिल १९५५. शुक्रवार, रामनवमी. ही तारीख मला पुढं कळली, तो दिवस मात्र माझा मला आठवतो. सात वर्षांचा होतो. वडिलांनी मला सकाळी खांद्यावर बसवून बाजारात नेलं आणि त्या हॉटेलासमोर इतकी माणसं उभी होती की मला वाटलं कुणीतरी गेलं. कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी रेडिओला हार घातला होता. ते ‘गीतरामायण’ होतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली.

मूळ कल्पना पुणे केंद्रातली, सीताकांत लाड यांची. वर्षभर, दर आठवड्याला एक नवं गीत. आज हे वाक्य सोपं वाटतं. पण त्याचा अर्थ असा की कवीनं दर आठवड्याला लिहायचं, संगीतकारानं लगेच चाल बांधायची, गायकानं शिकायचं, वादकांनी बसवायचं, आणि ठरलेल्या मिनिटाला ते हवेत गेलं पाहिजे. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि गदिमांनी ते बसल्या बैठकीला पुन्हा लिहून दिलं, असं सांगतात. बेत बावन्न आठवड्यांचा होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गीतं झाली ५६. शेवटचं १९ एप्रिल १९५६ ला वाजलं. फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते.

एक गोष्ट मी दुकानात बसून पुष्कळदा मनाशी घोळवली आहे. ‘गीतरामायण’ पुढं तबकड्यांवर आलं, मैफलींतून गायलं गेलं, पुस्तक निघालं, दुसऱ्या भाषांत गेलं. पण ते जन्मलं एका प्रादेशिक केंद्राच्या आठवड्याच्या कार्यक्रमपत्रिकेत. मोठ्या शहराला ज्याची घाई नसते, असं काम लहान केंद्र धरू शकतं. त्या वेळी पुणं केंद्र दीड वर्षाचं होतं.

आता हा आवाज आमच्यापर्यंत यायचा कसा, ते सांगतो. घाटाखालून मालगाडी वर आणायची तर एका इंजिनाला ती झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर लावतात. आम्ही लोणावळ्याची पोरं बँकर बघतच मोठी झालो. माणसाच्या आवाजाचंही तसंच आहे. आवाज आपल्या बळावर फार तर समोरच्या टेकाडापर्यंत जाईल. म्हणून केंद्रात त्याला दुसऱ्या एका लाटेवर लादतात. या वाहक लाटा पुणे केंद्राच्या बाबतीत सेकंदाला ७ लाख ९२ हजार. इंजिनाचा वेग ठरलेला, तो बदलायचा नाही. बदलते ती लाटेची उंची. निवेदक मोठ्यानं बोलला की लाट उंचावते, हळू बोलला की बसते. उंचीचा हा चढउतार म्हणजेच आवाज. आपला सेट तो चढउतार उतरवून घेतो आणि वाहक लाट सोडून देतो, जशी माल उतरवून घेतलेली गाडी. इंग्रजीत उंचीच्या या फरकावरून त्याला एएम म्हणतात. एफएममध्ये उंची तशीच राहते आणि दर सेकंदाच्या लाटांची संख्या आवाजाबरोबर किंचित हलते.

या फरकाचे दोन परिणाम. पहिला त्रासाचा. वीज चमकली, की तिचीही लाट उठते आणि ती आपल्या लाटेच्या उंचीत मिसळते. म्हणून एएमवर कडाका ऐकू येतो. माझं दुकान स्टेशनाजवळ. वरच्या तारेशी इंजिनाच्या पेंटोची ठिणगी उडाली की माझ्या बाकावरचे सगळे उघडे सेट एकदम खरखरायचे. घड्याळात न बघता मला डेक्कन क्वीन कळायची.

दुसरा परिणाम आमच्या भाग्याचा. ७९२ किलोहर्ट्झच्या एका लाटेची लांबी ३७९ मीटर भरते. जुन्या सेटच्या काचेवर किलोहर्ट्झऐवजी मीटरच छापलेले असत. एवढी लांब लाट जमिनीला धरून चालते. मधे डोंगर आला तर वाकून पलीकडे उतरते. एफएमची लाट तीन मीटरच्या आसपास, ती उजेडासारखी सरळ जाते आणि डोंगराआड सावली पडते. कुरवंडे, आंबवणे, कोरीगडाच्या पायथ्याच्या वाड्या, पवन मावळ, हा सगळा डोंगरांच्या कुशीतला मुलूख. तिथं पुणं यायचं ते मिडियम वेव्हवर, १०० किलोवॉटच्या जोरावर. स्टुडिओ शिवाजीनगरला, प्रक्षेपक हडपसरला. तिथं गेलात तर ‘आकाशवाणी’ नावाचा बसथांबाच आहे.

रात्रीचा प्रकार आणखी वेगळा. दिवसा आकाशातला एक थर मिडियम वेव्हच्या वर जाणाऱ्या लाटा गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लाटा त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री भुशीत काटा फिरवला की कुठकुठली केंद्रं यायची, भाषा ओळखू येत नसे. त्यांची एकमेकांवर फार गर्दी होऊ नये म्हणून १९७५ मध्ये जिनिव्हात देशोदेशींचा करार झाला, तो १९७८ च्या नोव्हेंबरात लागू झाला आणि सगळी केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसली. ७९२ ला नवानं भागा, बरोबर ८८. मुंबईचं ५५८ घ्या, १०४४ घ्या, तेही भागतं. उमेदवारी करणाऱ्या पोरांना मी हा हिशेब करायला लावायचो. आकडा नवानं भागत नसेल तर काच चुकलीय किंवा काटा ओढणारी डोरी घसरलीय.

धंद्याचा हंगाम श्रावणात. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, आणि त्यातला बराचसा आषाढात. घरात मीठ सुटतं, कपड्यांना बुरशी येते, तिथं रेडिओची काय कथा. केंद्र लावणाऱ्या गँग कंडेन्सरच्या पत्र्यांत ओल जाई, स्पीकरचा कागद सुटे, सेलचं पाणी होऊन स्प्रिंगा हिरव्या पडत. बायका सेट चुलीच्या फळीवर ठेवत, म्हणजे ओल धरत नाही. पण मग आत काजळी आणि झुरळं. पाऊस जरा उघडला की माणसं घोंगडीत, प्लॅस्टिकात गुंडाळून सेट घेऊन यायची, तान्हं पोर आणल्यासारखी. मी ब्रशनं गँग साफ करायचो, तुटलेल्या जागी डाक द्यायचो, नवी डोरी ओवायचो आणि काटा ७९२ वर न्यायचो. गिऱ्हाईक समोर उभं. आवाज फुटला की त्याच्या तोंडाकडे बघायचं. माझी मजुरी मी अनेकदा विसरलो असेन, ती तोंडं विसरलो नाही.

आता जे सांगतो ते फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते पुणे केंद्राचं ‘गीतरामायणा’इतकंच मोठं काम ते आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ‘गीतरामायण’ चालू असतानाच, युनेस्कोच्या मदतीनं या केंद्रावरून एक प्रयोग सुरू झाला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत होती. त्याच धर्तीवर तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ. आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास कार्यक्रम, असे दहा आठवडे. विषय शेती, आरोग्य, शाळा, ग्रामपंचायत असे. ऐकून झालं की सेट बंद करायचा आणि बोलायचं. चिटणिसानं चर्चा लिहून काढायची, प्रश्न पुण्याला पाठवायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची.

ऐका, चर्चा करा, करून दाखवा, असा त्यामागचा विचार. पवन मावळात माझं आजोळ आहे. तिथल्या चावडीवर सार्वजनिक रेडिओ होता आणि माझा थोरला मामा अशा बैठकांना बसलेला. तो सांगायचा, “अरे, पहिल्या दिवशी कुणी बोलंना. पाटील बोलले की झालं, अशी सवय. पण रेडिओतला माणूस म्हणाला, आता तुम्ही बोला. आणि गप्प झाला. मग काय करता? शेवटी बोलावंच लागलं.” मामाला शाळा दुसरीपर्यंत. त्या बैठकीत तो पहिल्यांदा पाटलांसमोर बसून बोलला, ही गोष्ट त्यानं मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्याचा आवाज तिथं आला की बदलायचा.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाचा अभ्यास केला. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ त्यात होते. मंडळं असलेल्या गावांची त्यांनी तुलना केली ती दोन तऱ्हेच्या गावांशी. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत दोन्ही नव्हतं. मंडळांच्या गावांत कार्यक्रमांतल्या विषयांची माहिती जवळजवळ दुप्पट झाली. नुसता रेडिओ असलेली गावं कितीतरी मागं राहिली. म्हणजे पेटीतून बाहेर पडलेल्या शब्दानं एकट्यानं फारसं होत नाही, त्यावर गावानं बोलावं लागतं. १९५९ पासून अशी मंडळं देशभर सुरू करण्यात आली. युनेस्कोनं त्याच वर्षी या पुण्याच्या प्रयोगाचं पुस्तक काढलं. गाव माना डोलवणारं नसतं, त्याला विचारलं तर ते उत्तर देतं, हे या केंद्रानं जगाला दाखवलं. मावळच्या माणसाला याचा अभिमान असायला हवा, आणि मला तो आहे.

गावाच्या कार्यक्रमाला गावचा माणूस मिळाला, हेही महत्त्वाचं. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षं होते. ‘बनगरवाडी’ लिहिणारा माणूस संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम तयार करतोय, ही साधी गोष्ट नव्हे. गदिमांचा हा धाकटा भाऊ ग्रामीण विभागात आणि थोरल्याचं रामायण सकाळी हवेत. बालकार्यक्रमात गोपीनाथ तळवलकर. बा. भ. बोरकरही काही काळ या केंद्रावर. सई परांजप्यांनी निवेदनाची सुरुवात इथूनच केली. या सगळ्यांना आम्ही चेहऱ्यानं कधी ओळखलं नाही. आवाज मात्र घरातले.

सगळंच गोड होतं असं नाही. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते तेव्हा सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. केसकर स्वतः पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम होतं आणि ते खरं होतं. पण लोकांनी काटा शॉर्टवेव्हवर नेला आणि रेडिओ सिलोन लावलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती त्या लोकांना परत आणायला. मला शास्त्रीय संगीताची गोडी लागली ती मात्र त्याच काळातल्या सक्तीमुळे, हे कबूल करायला हवं. रात्री दुसरं काही लागत नसे, म्हणून ऐकलं, आणि ऐकता ऐकता कान बसला.

सेट बाळगायला तेव्हा परवाना लागे. पोस्टात वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. वडिलांची पुस्तिका अजून माझ्या ट्रंकेत आहे. ट्रान्झिस्टर आले, स्वस्त झाले आणि ऐंशीच्या दशकात परवानाही गेला. तोच माझ्या धंद्याचा भर. मग टीव्ही, मग कॅसेट. २००८ मध्ये मी दुकान आवरलं.

दिवस सुरू व्हायचा तो तरीही तसाच. ६ वाजून ५५ मिनिटांनी दिल्लीहून संस्कृत बातम्या. त्या १९७४ मध्ये सुरू झाल्या आणि आमच्या गल्लीत संस्कृत कुणाला येत नसतानाही सुरुवातीचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मग ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की शेजारची आत्या दूध उतरवायची, तिच्या घरात घड्याळ नव्हतं. दहा मिनिटांत महाराष्ट्र कळायचा. कोणत्या धरणात किती पाणी, घाटात दरड आली का, शाळा आहे का. मुंबईच्या बातम्यांत आम्ही पर्यटक यायचे तेव्हा येत असू. पुण्याच्या बातम्यांत आम्ही राहत होतो.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा हा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय आला. वर्तमानपत्रात वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. राज्यभरातून विरोध झाला, श्रोत्यांनी लिहिलं, पत्रकारांनी आवाज उठवला, लोकप्रतिनिधी बोलले आणि निर्णय थांबला. संभाजीनगरबद्दल माझी तक्रार नाही, तिथलं केंद्र तिथल्या लोकांना हवंच. पण बातमी देणारा माणूस जिथं बसतो तिथल्या पावसात भिजलेला असावा. आता पुणे केंद्र मोबाइलच्या अ‍ॅपवरही ऐकू येतं, मुलगा मला लावून देतो, आवाज स्वच्छ असतो. मला आनंद आहे. पण अ‍ॅपला रेंज लागते, आणि भुशीत मोठ्या पावसात पहिल्यांदा वीज जाते, मागोमाग रेंज.

त्याच जूनअखेरची एक सकाळ. रात्रभर पाऊस, लाइट नाही, फोन मुका. मी कपाटातून माझा जुना दोन बँडचा सेट काढला, सेल घातले. नात आठ वर्षांची, तिनं तो हातात घेतला. आवाज येत होता पण मिणमिणता. तिनं सेटचं टोक पुण्याच्या दिशेला केलं, जशी टॉर्च धरतात, आणि आवाज आणखीच गेला. सगळे हीच चूक करतात. आत पेन्सिलीएवढी काळी कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे, तोच मिडियम वेव्हचा एरियल. कांडीचं टोक केंद्राकडे केलं तर तिला काही लागत नाही. तिची लांब बाजू केंद्रासमोर यावी लागते. मी म्हटलं, “बाळा, आडवा धर. पुण्याला तोंड दाखव, टोक नको.”

तिनं हळूहळू सेट फिरवला. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. आवाज एकदम उघडला, जवळ आला, स्वयंपाकघरातून तिची आजी म्हणाली, लागलं वाटतं. नातीनं माझ्याकडे बघितलं आणि हलली तर जाईल या भीतीनं, बातम्या संपेपर्यंत दहा मिनिटं, दोन्ही हातांत तो सेट तसाच धरून उभी राहिली.